आपण क्रूझला चाललोय

नौतपा लागला. मे महिना संपत आला की हे नऊ दिवस येतात आणि झाशी दुपारी बाराला दार लावून घेते ती पाचला उघडते. प्रेम नगरच्या आमच्या गल्लीत तेव्हा कुत्रंसुद्धा दिसत नाही. एखादा माणूस दिसलाच तर डोक्याला, कानांना, तोंडाला साफी गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे, त्यामुळे शेजारचा असला तरी ओळखू येत नाही. खिशात कांदा. लू, म्हणजे दुपारचा भाजणारा वारा, लागू नये म्हणून इथे खिशात कांदा ठेवतात. नोकरीसाठी सांगलीहून इथे आलो तेव्हा मी या गोष्टीला खूप हसलो होतो. आता माझ्याही खिशात असतो. कूलरच्या ओल्या ताट्यांचा वास घरभर पसरतो. माझी बायको कुमुद त्याला खसचा वास म्हणते, मी वाळ्याचा म्हणतो. म्हणजे म्हणायचो. यंदा मी काही म्हणालो नाही. यंदाच्या नौतप्यात आमच्या घरात कुणी कुणाचे शब्द दुरुस्त करत नाही.

गेल्या वर्षीचा नौतपा बोलका होता. बाहेर डांबर वितळत होतं आणि आम्ही दोघं आत बसून समुद्रावर काय घालायचं याची चर्चा करत होतो.

आमचा मुलगा अनिकेत बंगळुरूला असतो. बायको दीपा, सहा वर्षांची मुलगी, आणि त्याच गावात सासू-सासरे. त्याचा फोन रविवारी सकाळी येतो. गेल्या वर्षी नौतप्याच्या आदल्या रविवारी आला, तेव्हा तो म्हणाला, "मम्मी, ऑक्टोबरमध्ये आपण क्रूझला चाललोय. मुंबईहून जहाज सुटतं, गोवा, मग लक्षद्वीप. काय काय न्यावं लागतं, केवढी लिस्ट आहे बघ. पाठवतो तुला, वाचून मजा येईल." मग कुणीतरी दार वाजवलं म्हणून त्यानं फोन ठेवला. पाठोपाठ यादी आली. झालं ते एवढंच.

कुमुदनं यादी बोटानं वर-खाली सरकवून पाहिली. मग म्हणाली, "आपण म्हणाला हो तो."

मी वर्तमानपत्रात डोकं घातलेलं. म्हणालो, "ऐकलं मी."

ऐकलं होतंच. आणि ऐकता क्षणी मला हेही कळलं होतं की हे 'आपण' खरं नाही.

खरं नाही म्हणजे मुलगा लबाड आहे असं नव्हे. चूक व्याकरणाची होती. मराठीत एक सोय आहे, तिची किंमत मराठी मुलखात राहणाऱ्यांना कळत नाही. 'आम्ही जेवायला चाललोय' म्हटलं की ऐकणाऱ्यानं समजावं, आपल्याला बोलावणं नाही. 'आपण जेवायला चाललोय' म्हटलं की त्यानं चपला घालाव्यात. हिंदीत दोन्हीला एकच शब्द, 'हम'. त्या 'हम'मध्ये समोरचा माणूस आहे की नाही, हे ज्याचं त्यानं ओळखायचं. अनिकेत झाशीत वाढला. शाळा हिंदी, मित्र हिंदी, गल्ली बुंदेली. मराठी फक्त घरात, तीही ताटावर बसण्यापुरती. डोक्यात 'हम' पक्का बसलेला, आणि त्याच्या जागी जो मराठी शब्द आधी हाताला लागेल तो हा मुलगा लावून द्यायचा. बहुतेक वेळा 'आपण' लागायचा. शाळेतून आला की दप्तर फेकायचा आणि सांगायचा, "पापा, आज आपण मॅच जिंकलो." मी म्हणायचो, "मी कुठे होतो मैदानात? आम्ही जिंकलो म्हण." तो म्हणायचा, "आम्ही जिंकलो." दुसऱ्या दिवशी, "पापा, आज आपण किल्ल्यावर गेलो होतो, सर घेऊन गेले." "आम्ही गेलो होतो. मी त्यात नव्हतो." असं वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी मीच थकलो. तो आजही तसाच बोलतो. 'आपण नवीन गाडी घेतली', 'आपण डॉक्टर बदलला'. त्या गाडीत मी अजून बसलेलो नाही.

तर मला कळलं होतं. बापाला मुलाचं व्याकरण कळतं.

मी सांगलीकडचा. चोविसाव्या वर्षी इथल्या सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागलो आणि ट्रान्स्फॉर्मरची ड्रॉइंग्ज काढता काढता निवृत्त झालो. आता आठवड्यातून तीन दिवस बिजौलीच्या एका लहान कारखान्यात जातो, तेही ड्रॉइंग तपासायलाच. लाल पेन्सिल माझ्या हातातून कधी सुटली नाही. कुमुदचं माहेर मात्र इथलंच. तिचे पूर्वज कुठल्याशा काळी पौरोहित्य करायला झाशीत आले आणि राहिले. त्यांच्या घरची मराठी म्हणजे एक अजब प्रकार. एकीकडे बिछान्याला वळकटी म्हणणार, प्रवासाच्या पिशवीला पडशी म्हणणार, जे शब्द माझ्या आजीनंतर मी कुणाच्या तोंडी ऐकले नव्हते. दुसरीकडे 'मला भीती लागते', 'मला गोड चांगलं लागतं', 'मी साडी घालते'. लग्नानंतर मी हे काम हौसेनं हाती घेतलं. भीती लागत नाही, वाटते. गोड लागतं ते जिभेला, तुला आवडतं. साडी घालत नाहीत, नेसतात. घालतात तो सदरा, लेतात ते दागिने, पांघरतात ती शाल. हिंदीवाल्यांना या सगळ्याला एक 'पहनना' पुरतो, आपल्याला पुरत नाही. कुमुद हसायची, "तुमचं बरं आहे, एवढे शब्द सांभाळता." पण तिनं मनावर घेतलं. मुलानं नाही घेतलं, तिनं घेतलं. 'लागते' तेवढं तिचं कधीच सुटलं नाही. बाकी ती शिकली. आपण आणि आम्ही यांतला फरक तर तिला इतका आवडला की ती माहेरच्या बायकांना तो कौतुकानं समजावून सांगायची.

मग मी त्या रविवारी का बोललो नाही? बोलायला हवं होतं. 'अगं, त्याचं आपण म्हणजे हम', एवढे चार शब्द पुरले असते. ती खट्टू झाली असती, संध्याकाळपर्यंत विसरली असती. पण तिचा चेहरा मी पाहिला होता. तीन दिवाळ्या मुलगा आला नव्हता. आधी ऑफिसचं कारण, मग मुलीच्या शाळेचं, मग सासूबाईंचं ऑपरेशन. कुमुद कधी तक्रार करायची नाही. फक्त एकदा, भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "आपण त्याच्या हिशेबात आहोत का हो अजून?" मी त्यावर काहीतरी गुळमुळीत बोललो होतो. त्या प्रश्नाचं उत्तर तिला आता मिळालं होतं, मुलाच्या तोंडून, एका शब्दात. ते लाल पेन्सिलीनं खोडायचा धीर मला झाला नाही. शिवाय मनात एक चोरटी आशा होती. इतक्या वर्षांत एकदा तरी पोरानं शब्द बरोबर वापरला असेल.

दुसऱ्या दिवसापासून यादीचं वाचन सुरू झालं. यादी इंग्रजीत, त्यामुळे वाचक मी. दुपारी दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर घरघरतोय, टेबलावर पन्ह्याचे दोन पेले, आणि मी एकेक कलम वाचून समजावतोय. दिवसा 'रिसॉर्ट कॅज्युअल'. म्हणजे काय? म्हणजे आपण ऑफिसला निघालो नाही हे लांबून दिसेल असे कपडे. एक संध्याकाळ 'फॉर्मल', म्हणजे लग्नाला जातो तसे, पण हळद न लागलेले. एक संध्याकाळ सगळ्यांनी पांढरं घालायचं. डेक ओला असतो म्हणून मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या सँडल. आत एसी कडक असतो म्हणून शाल. मोठी बॅग खोलीत यायला वेळ लागतो, म्हणून औषधं आणि एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत. इस्त्री नेऊ देत नाहीत, आग लागण्याची भीती. म्हणून चुरगळणार नाही असं कापड. आणि एक कलम मला स्वतःला फार आवडलं, लोहचुंबकाचे हुक. जहाजाच्या खोलीच्या भिंती लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यांना खिळा मारता येत नाही, पण चुंबक चिकटतं. ओले कपडे, टोप्या त्याला अडकवायच्या. ट्रान्स्फॉर्मरच्या टाकीला आम्ही असेच चुंबक लावून ड्रॉइंगचे कागद टांगायचो. मी उत्साहानं ते सांगू लागलो आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की गेली दहा मिनिटं मीसुद्धा त्या जहाजावर आहे.

कुमुदनं समुद्र पाहिलेला नाही. पस्तीस वर्षं लग्नाला झाली, दर सुट्टीला आम्ही सांगलीला गेलो, आई-वडिलांपाशी राहिलो आणि परत आलो. रत्नागिरी तिथून काही फार लांब नाही. 'पुढच्या वेळी बघू' असं मी दर वेळी म्हणालो. तिच्या पाण्याची हद्द ओरछ्याची बेतवा. हा दोष मुलाचा नाही, पूर्णपणे माझा आहे, आणि गेल्या वर्षीच्या त्या दुपारी मला तो बोचत होता. ती विचारायची, "समुद्राचा वास येतो म्हणतात, कसा येतो?" मी सांगायचो, "खारा, जरा मासळीचा." ती म्हणायची, "मग शालीला लागेल. धुवायची शाल नेऊ."

तिनं चंदेरी काढली. मोतिया रंगाची, अनिकेतच्या मुंजीतली. फॉर्मलला ती. ती अंगावर धरून आरशासमोर उभी राहिली आणि मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणाली, "ही नेसू ना?" 'नेसू'वर जोर देऊन. मी म्हटलं, "नेस." घरात हसू होतं. मला आजही ते ऐकू येतं आणि ऐकू येऊ नये असं वाटतं.

मग सलवार-सूटचं निघालं. कुमुद बाहेर कधी साडीशिवाय गेलेली नाही. पण डेकवर वारा फार असतो असं यादीत होतं, आणि साडीनं फजिती होईल अशी तिला धास्ती. गल्लीच्या टोकाला रजनी नावाची शिवणकाम करणारी बाई आहे. तिच्याकडे सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघं कापड घेऊन गेलो. कुमुद साठीची बाई, पण माप देताना लाजली.

रजनीनं विचारलं, "काय आंटी जी, कितै जा रईं? जहाज में?"

"हाँ, पानी के जहाज में."

इथे नुसतं जहाज म्हटलं की विमान समजतात. रजनीनं टेप खाली केली. "ऐ दैया, पानी वारे में? डर नईं लगत?"

"डर काय का? बेटा ले जा रहा है. हम सबको."

"मोड़ा लै जा रओ?" रजनीनं माझ्याकडे पाहिलं. "भौत नौनो मोड़ा है आपको, अंकल जी."

मुलाच्या या कौतुकाला मी मान डोलावली. नंतर त्याच बाईकडे पांढऱ्या पँटचं मापही दिलं, कारण पांढऱ्या रात्री मी काय घालणार हा प्रश्न कुमुदनं परस्पर सोडवला होता. रजनीनं माझ्या कमरेला टेप गुंडाळली तेव्हा बोलायची शेवटची संधी होती असं मला वाटतं. माणूस खोटं बोलतो ते तोंडानं, असं आपण समजतो. मी दोन्ही हात वर करून उभा राहिलो आणि कमरेचं माप देऊन खोटं बोललो.

मधल्या रविवारी अनिकेतचा फोन आला नाही. 'बिझी, लव्ह यू' एवढा मेसेज आला. मला सुटल्यासारखं वाटलं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. आणि रोज घरात आणखी एक वस्तू यायची. सीपरी बाजारातून पट्ट्याच्या सँडल आल्या. दोन उन्हाच्या टोप्या आल्या. कुमुदनं दोघांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातल्या. मुलगा तिकिटासाठी मागेल तेव्हा धावपळ नको. तिनं बहिणीला ग्वाल्हेरला कळवलं. तिनं सूनबाईच्या आईसाठी एक कोसा रंगाची चंदेरी घेतली, कारण तेही असतील तर त्यांना रिकाम्या हातानं कसं भेटायचं. चूक एका शब्दाची होती, पण आता ती शब्दात मावत नव्हती.

नौतप्याचा शेवटचा दिवस रविवारी आला. अनिकेतनं व्हिडिओ कॉल केला. कुमुद तयारच होती. तिनं पलंगावर सगळं मांडून ठेवलं होतं, जसं रुखवत मांडतात तसं. मला फोन धरायला सांगितला आणि ती दाखवू लागली. "हे बघ, हे दिवसा घालायचं. हे दुसरं, निळं. ही चंदेरी, ही नेसायची त्या फॉर्मलला, तुझ्या मुंजीतली, आठवते? या सँडल, खाली हात लावून बघ, म्हणजे तू कसा लावणार, पण घसरत नाहीत. आणि हे पांढरं. तुझ्या पापांची पँट बघ."

स्क्रीनवर अनिकेत आणि दीपा शेजारी शेजारी बसले होते. पहिल्या सूटला ते हसले. दुसऱ्याला अनिकेतचं हसू तसंच राहिलं पण डोळे बदलले. चंदेरीला दीपा उठून बाजूला गेली. तिला सगळ्यांत आधी कळलं होतं, आणि तिला मराठी येत नाही. कुमुद पलंगाकडे तोंड करून बोलत होती, तिला यातलं काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी फोन धरून उभा होतो.

"मम्मी," तो म्हणाला. "मम्मी, एक मिनट. आपण म्हणजे... हम लोग. मतलब मी, दीपा, गुड़िया, और दीपा के मम्मी-पापा. त्यांचं फोर्टिएथ आहे ना लग्नाचं. बुकिंग तर मार्चमध्येच झालं. मला लागलं तुला कळलं असेल."

कुमुदच्या हातात माझी पँट होती. तिनं ती घडी घातली. कडेला कड जुळवून, नीट. "अरे कळलं होतं रे," ती म्हणाली. "हे तर ग्वाल्हेरला मावशीकडे लग्न आहे, त्यासाठी शिवलं. तुझी यादी चांगली होती म्हणून म्हटलं त्याप्रमाणेच करू. तुला दाखवत होते."

"मी बघतो मम्मी, अजून एक केबिन मिळते का. पक्का बघतो."

"नको, नको. या वयात कुठे. मला पाण्याची भीती लागते."

'वाटते', असं माझ्या जिभेवर आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आलं नाही.

फोन बंद झाल्यावर तिनं सगळं आवरलं. त्या दिवशी ती रडली नाही. जेवण झालं, भांडी झाली. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही बसलो. गच्ची तापलेली, पाणी पडलं की वाफ निघत होती. तेव्हा तिनं विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं नव्हतं ना?"

मी म्हणालो, "नाही."

ती म्हणाली, "मला कळायला हवं होतं. माझ्या माहेरी आम्ही सगळे असंच बोलायचो, आपण म्हणजे हम. लहानपणी कुणी आपण म्हटलं तर मी आधी बघायची, मला धरलंय की नाही. पण तुम्ही शिकवलं ना, बोलणारा आणि ऐकणारा दोघंही असतील तरच आपण. म्हणून मी खरं धरलं." आणि मग, "चांगलं शिकवलं होतं तुम्ही."

ती हे मला लागावं म्हणून बोलली नव्हती. तिला चूक कुठे झाली ते शोधायचं होतं आणि तिला ती स्वतःत सापडली. मी तिथेही गप्प राहिलो. एकदा 'नाही' म्हणून झालं होतं. खरं बोलायचं तर मला तेव्हा मुलाचा राग येत नव्हता. मला त्याचा दहावीचा निकाल आठवत होता. धावत आला होता, घामानं भिजलेला, आणि दारातूनच ओरडला होता, "पापा, आपण फर्स्ट क्लास आलो." त्याच्या पाठीवर हात ठेवायच्या आधी मी म्हटलं होतं, "आपण नाही, मी आलो म्हण. माझा काय संबंध त्यात?" मी विनोद केला होता. तो हसला नव्हता. त्या पोराला मी पंधरा वर्षं, दर दिवशी, लाल पेन्सिलीनं एकच गोष्ट शिकवली की मी त्यात नाही. ती तो शिकला. शब्द तेवढा चुकत राहिला.

ऑक्टोबरात फोटो आले. आम्ही दोघांनी चष्मे लावून पाहिले. पांढऱ्या रात्रीचा फोटो होता. अनिकेत, दीपा, मुलगी, दीपाचे आई-वडील, पाचही जण पांढऱ्यात, मागे काळा समुद्र. दीपाच्या आईनं साडीच नेसली होती आणि वाऱ्यानं तिचा पदर जावयाच्या तोंडावर आला होता. सगळे हसत होते. कुमुद म्हणाली, "सूटच बरा होता." तिनं बोटांनी फोटो मोठा केला आणि मुलाचा चेहरा बघत राहिली. काळा झाला होता जरा. उन्हानं झाला असेल. तिनं लिहिलं, 'बहुत सुंदर, नज़र न लगे.' हिंदीत लिहिलं.

तेव्हापासून ती त्याच्याशी हिंदीतच बोलते. आधी मला वाटलं चार दिवस चालेल. "हाँ बेटा. अच्छा बेटा. खूब घूमो." त्यालाही सोपं पडतं, फोन आता जास्त वेळ चालतो, दोघं जास्त मोकळे वाटतात. मी एकदा म्हटलं, "मराठीत बोल की त्याच्याशी, तेवढीच त्याच्या कानावर पडते." ती म्हणाली, "हिंदी बरी. हम लोग जा रहे हैं म्हणाला की खूश रहो म्हणून मोकळं होता येतं. विचार करायला लागत नाही." म्हणजे झाशीत आलेली ती सात-आठ पिढ्यांची मराठी, वळकटी आणि पडशीसकट, या घरात येऊन थांबली. ती थांबवली कुणी, हे मला माहीत आहे.

सूट ती घरात वापरते, झाडलोट करताना. एकाला फिनाईलचे डाग पडलेत. पांढरी पँट घालून मी बिजौलीला जातो. आधी जपायचो, आता जपत नाही. ती कोसा रंगाची चंदेरी अजून दुकानाच्या पिशवीत आहे. कुणाला द्यायची यावर आम्ही बोलत नाही. मी अधूनमधून ठरवतो की तिला सांगून टाकावं, मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. मग विचार करतो, त्यानं काय होईल? आत्ता तिला मुलगा नाही. मी सांगितलं तर नवराही राहणार नाही. म्हणून सांगत नाही, आणि हे कारण तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी ते शोधायला जात नाही. तिच्या मनातलं मला आता पूर्वीसारखं कळत नाही. कळत होतं असं तरी कशावरून?

आज नौतप्याचा चौथा दिवस. दुपारी टेबलावर समोरासमोर बसलो होतो. ती काकडी चिरत होती. बाहेर लू सुटली होती, दाराच्या फटीतून आत धूळ येत होती. मी बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणालो, "ऑक्टोबरात आपण रत्नागिरीला जाऊ. चार दिवस. नुसतं समुद्रावर बसून येऊ."

तिनं सुरी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आपण म्हणजे कोण कोण?" तिनं विचारलं.

टोमणा नव्हता. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. तिला माहीत नव्हतं म्हणून तिनं विचारलं. मी दोन नावं सांगितली, तिचं आणि माझं. तिनं ती ऐकून घेतली आणि पुन्हा काकडी चिरायला लागली.